निळं पोर्ट आणि दादांची गाणी

२३ मार्च
कॉम्प्युटर आज पुन्हा आपोआप बंद पडला. कधी जाईल नेम नाही. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गायलेली भीमगीतं त्याच डब्यात आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. दादा तर गेलेच. मुलुंड स्टेशनजवळून एक्स्टर्नल ड्राइव्ह आणली. जयंतीला आईला गाणी ऐकवायचीच. लेक तेजल म्हणाली, पप्पा, मी करून देते. म्हटलं, राहू दे गं, एक वायर तर लावायची.

२४ मार्च
लावली. ड्राइव्ह दिसतच नाही. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, मागच्या निळ्या पोर्टात लावा, फास्ट असतं. म्हटलं, निळ्याचं आम्हाला काय सांगता भाऊ, निळा आपलाच!

२५ मार्च, सकाळ
निळं पोर्ट सापडलं. रुंद, भोकंभोकंवालं. त्यात मॉनिटरची वायर घुसून बसलेली. स्क्रू काढून तिला हाकललं. आपली पिन जाईना. जोर लावला.

संध्याकाळ
पिन वाकडी. स्क्रीन काळी. शकु म्हणते, मॉनिटरची वायर काढलीस तर काळीच होणार ना! बायकोला टेक्निकल काही कळत नाही. वायर परत लावली, स्क्रीन आली. योगायोग.

२ एप्रिल
नवी वायर. खाली आणखी एक निळं पोर्ट निघालं, छोटं. झकास बसली! ड्राइव्हचा दिवासुद्धा निळा. जय भीम! स्क्रीनवरचं 'दादांची गाणी' उचलून ड्राइव्हमध्ये टाकलं. पापणी लवायच्या आत कॉपी. तेजल म्हणाली, एवढ्या लवकर? आणि कोपऱ्यात तो छोटा बाण कसला? उघडून बघ ना. म्हटलं, बाण म्हणजे फास्टची खूण.

६ एप्रिल
कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला. उगाच धूळ खात होता. देताना निळ्या पोर्टाला हात जोडले.

१४ एप्रिल
वंदना झाली. आई पांढरी साडी नेसून तेजलच्या लॅपटॉपसमोर बसली. मी ऐटीत क्लिक केलं. फाइल सापडत नाही. पुन्हा केलं. तेच. तेजल कानात म्हणाली, पप्पा, तू नुसता शॉर्टकट कॉपी केलास. तो गाण्यांचा पत्ता. गाणी कॉम्प्युटरमध्येच राहिली.
गॅलरीत जाऊन भंगारवाल्याला फोन लावला. म्हणाला, त्याच दिवशी तोडला साहेब.
वाट लागली. आईला काय सांगू? आत आलो. ती अजून तशीच, कान पुढे करून बसलेली. म्हणाली, ऐकू येईना रे, आवाज वाढव.
मी वाढवला.