लादीतली विड्याची पानं

कल्याण, वैशाख, १९५४. संध्याकाळ.

डोकं फिरलंय नुसतं! उद्या ताईचं लग्न आणि विड्याची पानं वाया गेली. उन्हाने सुकू नयेत म्हणून मामाने ती शहाडच्या बर्फाच्या कारखान्यातून थेट लादीतच गोठवून आणली. काचेआड ठेवल्यासारखी हिरवीगार! सगळं लग्नघर बघायला लोटलं. मी एकटीच म्हणत होते, "मामा, पानातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तो आतल्या पेशी फाडतो. पान कधीच मेलंय, लादीने नुसतं धरून ठेवलंय." शाळेत मुलींना हेच तर शिकवते मी. पण घरात कोण ऐकतंय?

दुपारी आईने सांगितलं म्हणून मी लादी फोडली. बर्फ वितळला तशी पानं काळपट, लिबलिबीत, उकडलेल्या पालकासारखी.

आणि मामा म्हणतो काय? "लादीत होती तोवर कशी हिरवीगार होती! तूच बाहेर काढलीस."

"तेच म्हणते मी." हे कोण, तर आई! फोडायला सांगणारी!

आता तो लगदा डब्यात भरून मामा परत शहाडला निघालाय, गोठवून पुन्हा हिरवा करून आणायला. आई त्याच्यासाठी चहा टाकतेय. आणि मला बजावलंय, "या खेपेला तू हात लावायचा नाहीस."