विमानाने गेलेली हवा

ती. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे प्रत्यक्षात नुसती मान लवली आहे, उरलेला नमस्कार कंबर सुटली की पाठवतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून. मला आजार असा काही नाही, पण गेल्या काही महिन्यांत इतके धक्के बसलेत, की हल्ली कुणी नुसतं ‘अहो’ म्हटलं तरी मी आधी भिंतीला टेकतो आणि मग ‘काय?’ विचारतो.

आपल्या वेताच्या खुर्च्या परदेशातला तो दुकानदार दरवर्षी घेतो, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याने कळवलं, की खुर्च्या झकास आहेत, पण त्याच्या दुकानात पोचेपर्यंत इतक्या महाग होतात, की गिऱ्हाईक आनंदाने बसतं, किंमत वाचतं आणि ताडकन उभं राहतं. तेव्हा पुढच्या खेपेपासून तो दुसरीकडे बघणार. मामा, त्याची ऑर्डर गेली म्हणजे कारखान्याला कुलूपच. तुम्ही ज्याला हाताला धरून वेत वळायला शिकवलंत, तो मिस्त्री या वयात जाणार कुठे? मी हलका वेत आणून पाहिला, चहातली साखर कमी करून पाहिली (त्यावरून पॉलिशवाल्याने माझ्याशी अबोला धरला), पण किंमत हलेना. शेवटी बायको म्हणाली, माल पाठवायला एखादा फॉरवर्डर गाठा. पहिला धक्का तिथेच. फॉरवर्डर म्हणजे आपण आणि जहाज-विमानवाले यांच्या मधला माणूस, आणि मधल्या माणसाला उंबऱ्यात उभं करायचं नाही हा तर तुमचा दंडक! खर्च कमी करायला आणखी एकाला पैसे द्यायचे, म्हणजे वजन घटवायला दोनदा जेवण्यासारखंच की, असं मी म्हणालो. ती काहीच बोलली नाही. (ती काही बोलत नाही तेव्हा फोन आधीच झालेला असतो.)

आल्या त्या एक चष्मेवाल्या बाई. नमस्कार झाल्याबरोबर त्यांनी पर्समधून टेप काढला. खुर्ची मोजली, खोकं मोजलं, मग खोक्यात डोकं घालून बराच वेळ आत बघत राहिल्या. मला वाटलं, कानातलं पडलं असावं. डोकं बाहेर काढून त्यांनी विचारलं, “तुम्ही नक्की काय पाठवता?”

“खुर्च्या,” मी म्हणालो.

“छे. हवा पाठवता. तोंडी लावायला खुर्ची.”

मामा, विमानवाले नुसतं वजन बघत नाहीत; खोकं किती जागा अडवतं तेही बघतात, आणि ज्याचा हिशेब जास्त होईल त्याचं भाडं लावतात. आपली खुर्ची वजनाला फुलासारखी, पण पाय फाकवून उभी. तिच्या चार पायांमधल्या रिकाम्या जागेला मी आजवर विमानाचं तिकीट काढत आलो! मी मटकन खोक्यावर बसलो. (ते दबून जमिनीला टेकलं, तेव्हा बाईंचं म्हणणं मला आणखी पटलं.) एवढ्यावर थांबतील तर त्या कसल्या? त्यांनी विचारलं, पाय निघतात का? मिस्त्रीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी त्याच्याच पायांची चौकशी केली होती.

मग विचारलं, विमान कशाला? म्हटलं, घाई असते. “कुणाला?” असं त्यांनी विचारल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “खुर्च्या आल्या की माझ्या गोदामात जातात आणि हंगाम येईपर्यंत तिथेच पडून असतात. तुमच्याकडे ठेवायला जागा नसेल म्हणून उडवत पाठवता असं मी समजत होतो.” मामा, मी फोन ठेवला नाही, तो आपोआप हातातून पडला.

तर मग जहाज. अख्खा कंटेनर भरण्याइतका आपला माल नाही, म्हणून बाईंनी चार-पाच जणांचा माल एकाच कंटेनरमध्ये घातला आणि ज्याने जेवढी जागा घेतली तेवढंच भाडं त्याच्याकडून घेतलं. शिवाय त्या जहाज कंपनीला बारा महिने माल देतात, त्यामुळे त्यांना जो दर मिळतो तो मला गडाबडा लोळूनही मिळाला नसता. कागदपत्रंही त्यांनीच केली. (मागे मी भरलेल्या कागदात वेताची भांडी असं पडलं होतं, आणि खुर्च्या बंदरात जागाभाडं भरत बसून राहिल्या होत्या. बसणं हा त्यांचा धर्मच, पण आपल्या खर्चाने!)

पाय सुटे केलेला पहिला माल गेला. आम्ही पायांच्या वेगळ्या मोळ्या बांधल्या होत्या. आपली प्रत्येक खुर्ची हाताची, तिची भोकं मिस्त्रीच्या नजरेने पाडलेली, तेव्हा एकीचा पाय दुसरीला नीट बसणार नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुकानदाराने फोटो पाठवला. ओळीने उभ्या खुर्च्या, आणि प्रत्येक वेगळ्याच बाजूला कललेली, बोटीत उभं राहून फोटो काढल्यासारख्या. मिस्त्रीने फोटो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि घरी निघून गेला. मी तर कुलूप शोधायलाच लागलो होतो.

सकाळी येऊन बघतो, तर मिस्त्री आधीच कामाला लागलेला. त्याने भोकं पाडायला लाकडाचा साचा केला होता. आता कुठलाही पाय कुठल्याही खुर्चीला बसतो. बाईंनी नव्या बैठका आणि नवे पाय दुसऱ्या कुणाच्या मालाशेजारी उरलेल्या जागेत सरकवले. सगळं मिळून, बाईंच्या फीसकट, वाहतुकीचा खर्च पूर्वीच्या निम्म्याहून खाली आला. मी पुन्हा बेरीज केली, मग बायकोकडून करून घेतली, मग थंड पाण्याने तोंड धुतलं. दुकानदाराने ऑर्डर वाढवली आहे. मिस्त्री आता कारखान्यात येईल त्याला खुर्चीचा पाय काढून दाखवतो, लावून दाखवतो, आणि पोस्टमनला तर वर बसवूनही दाखवतो.

तुमचा दंडक मोडला, रागावू नका. मामींना नमस्कार.

तुमचा,
अजूनही न सावरलेला भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायला निमित्त वेगळंच आहे. बाईंचं काम बघून बायकोला आता कुठलीही रिकामी जागा सहन होत नाही. तुम्ही आणि धाकटे मामा सख्खे भाऊ, भिंतीला भिंत लावून राहता, आणि कारखाना माझ्याकडे सोपवताना हत्यारांच्या वाटणीत करवत कुणाकडे गेली यावरून बोलत नाही. सुट्टीत आमच्याकडे येता तेही पुढे-मागे दोन गाड्यांनी, तीन-तीन सीट रिकाम्या ठेवून. यंदा तिने दोघांना मिळून एकच गाडी ठरवली आहे. तुम्ही पुढे, ते मागे, मध्ये दोघी मामींच्या पिशव्या. दोघींचीही हरकत नाही. (त्या दोघी रोज दुपारी गच्चीवर तासभर बोलतात म्हणे. हे ऐकून मीही भिंतीला टेकलो.)

ता. ता. क. धाकट्या मामांना लिहिलेलं पत्रही याच पाकिटात घातलं आहे. एका भिंतीसाठी दोन पाकिटांचं टपाल भरायला बायको तयार नाही. तेवढं पलीकडे नेऊन द्या. उघडून मात्र वाचू नका. तुम्ही गाडीला आनंदाने होकार दिलात, असं मी त्यात लिहिलं आहे.