रक्षाचा लेझर आणि माझी देखरेख

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. घटस्थापना.

नवी वही काढली नाही. दुधाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तीच घेतली. रोज चार ओळी लिहायच्या, असा देवीसमोर संकल्प केला आहे. मोडणार नाही.

घट बसले, नंदादीप लावला. आता नऊ दिवस ज्योत विझू द्यायची नाही. एकवीस वर्षांत एकदाही विझलेली नाही. (एकदा विझली, पण तेव्हा दार यांनी उघडलं होतं.)

रक्षा कॉलेजातून लांबट, काचेसारखा डबा घेऊन आली. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे. लेझर करून राह्यली म्हणे. दहा ऑक्टोबरला बाहेरचे परीक्षक येणार. त्यांच्यापुढे तो सेकंदाला दहा वेळा चालला, तर तिचे गाईड कैलास सर तिचं नाव इंदूरला संशोधनासाठी पाठवणार. लॅब पाचला बंद होते, म्हणून जुळवाजुळव घरी आणि करंट कॉलेजात.

मी विचारलं, यात गॅस कोणता? म्हणे हवेतलाच नायट्रोजन. तरी मी स्वयंपाकघरात जाऊन रेग्युलेटर बंद केला. माहीत नसताना धोका कशाला.

२३ सप्टेंबर

रक्षाकडून सगळं समजून घेतलं. डब्यात पितळेच्या दोन लांब पट्ट्या समोरासमोर. त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. मधे गव्हाच्या दाण्याएवढी फट. करंटचा झटका दिला की सगळ्या फटीत एकदम उजेड पसरला पाहिजे, पडद्यासारखा. कुठे ओरखडा किंवा टोक असलं की सगळा करंट तिथेच धावतो, एक जाडजूड ठिणगी पडते आणि लेझर होत नाही. शिवाय दर झटक्याला फटीतला गॅस तापतो. पुढच्या झटक्याआधी पंख्याने तो बाजूला ढकलून ताजा आणावा लागतो.

एवढंच. याला दोन वर्षं कशाला लागतात? मॅट्रिकला विज्ञानात मला एकसष्ट होते.

२४ सप्टेंबर, दुपार

पट्ट्या मळकट दिसत होत्या. राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासल्या. समईसारख्या लखलखल्या. रक्षाला सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे.

२४ सप्टेंबर, संध्याकाळ

धक्का बसला. ती खालीच बसली. मग पट्टी दिव्याखाली धरून मला रेघा दाखवल्या. म्हणे, आई, हे एवढं गुळगुळीत करायले मले आठ दिवस लागले होते, तू काऊन हात लावला? मी म्हटलं, रेघा बारीक आहेत. ती म्हणे, ठिणगीले बारीकच लागते. जेवण होईपर्यंत बारीक कागदाने घासत बसली.

दोष राखेचा. बाभळीची असती तर रेघ उमटली नसती. इथून पुढे डब्याला हात लावणार नाही.

२६ सप्टेंबर

कॉलेजात चाचणी झाली. सेकंदाला पाच झटके चांगले, दहाला ठिणग्या. कैलास सर म्हणे, वारा कमी पडतो, तापलेला गॅस आतच राहतो, झडपा मोठ्या करा.

हे मला पटलेलं नाही. सरांनी कधी नंदादीप सांभाळला आहे? मी एकवीस वर्षं सांभाळते. उजेड स्थिर हवा असेल तर वारा बंद करावा लागतो, हे लहान लेकराला कळतं. रक्षा झोपली आहे. पंख्याच्या झडपेत कापसाच्या वाती दाबून बसवल्या. हात लावला, पण डब्याला नाही, झडपेला.

२७ सप्टेंबर

रक्षा म्हणे, आज तिसऱ्या झटक्यालाच ठिणग्या. डबा उघडला तर आत वाती. कैलास सरांनी त्या चिमट्याने काढून कागदावर मांडल्या आणि विचारलं म्हणे, हे कोणत्या पुस्तकातलं डिझाइन आहे?

म्हणजे त्यांनी डिझाइन म्हटलं.

हे जेवताना हसले. भांड्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने पितळेच्या बाबतीत आपल्या बायकोची बाजू घ्यायला हवी होती. मी तसं बोलले. ते म्हणाले, मी पितळ विकतो, त्याच्यातून वीज नाई सोडत.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.

आज हत्यारांची पूजा. यांनी दुकानातल्या तराजूची केली. मी शिलाई मशीन, वरवंटा, विळी आणि स्कूटरची केली. मग मनात आलं, घरातलं सगळ्यात मोठं हत्यार तर डब्यात आहे. त्याला वगळलं आणि दहा तारखेला काही झालं तर देवी मलाच विचारेल.

दोन्ही पट्ट्यांना हळदीकुंकवाची पाच पाच बोटं लावली. झेंडूची एक पाकळी वाऱ्याच्या वाटेत ठेवली. प्रसन्न वाटलं. हात लावणं वेगळं आणि पूजा वेगळी.

३ ऑक्टोबर

बरोबर दहा जागी ठिणग्या पडल्या म्हणे. कैलास सरांनी मोजल्या, पाच वर, पाच खाली. लाल काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्याही घरी खंडेनवमी होती.

रक्षा घरी आली. चहा झाल्यावर म्हणे, आई, मले इंदूरले जाऊ द्यायचं नाई असं ठरवलं काय तू?

काहीही बोलते. मी तर तिच्यासाठी नवी चादर घेऊन ठेवली आहे. पेटीत, कुलूप लावून. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, एवढंच.

४ ऑक्टोबर

विजय. रक्षा आपण होऊन डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणे, आई, आता तूच पाहा याचं, तुले जसं वाटते तसं कर. मी कारण विचारलं नाही. समजायला वेळ लागतो, पण समजतं.

पहिलं काम, पंखा. तो पट्ट्यांच्या बाजूने आडवा वारा सोडतो. चुकीचं आहे. आपण चुलीत फुंकणीने टोकाकडून फुंकतो, निखाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वारा पोचतो. पंखा काढून टोकाला बसवला.

६ ऑक्टोबर. कोजागिरी.

आटवलेलं दूध देताना विचारलं, कसं चाललं? म्हणे, एकदम मस्त, सेकंदाला बारा झटके, एक ठिणगी नाई. मी म्हटलं, पंखा टोकाला बसवला त्याने ना? दुधात पाहत म्हणाली, हो.

डबा रोज नेत नाही आता. म्हणे, तुझं काम चालू आहे ना, राहू दे. विश्वास बसला की असं असतं.

८ ऑक्टोबर

शेजारच्या सुलोचनाबाईंना लेझरमधली वाऱ्याची व्यवस्था समजावून सांगितली. फुंकणीचा मुद्दा त्यांना लगेच पटला. म्हणाल्या, बाई, तुमची जागा इथं नाचणगावात नव्हती. मीही तेच म्हणते.

पट्ट्यांवरून मऊ धोतराचा तुकडा फिरवला. राख नाही. चुकीतून शिकते मी, बाकीचे शिकत नाहीत.

१० ऑक्टोबर, सकाळी ९.४०

अनर्थ. रक्षा आठच्या गाडीने वर्ध्याला कॉलेजात गेली आणि डबा इथेच दिवाणावर! फोन बंद. साडेअकराला परीक्षक. घाबरली असेल पोरगी. देवीला नमस्कार केला. डबा चादरीत गुंडाळला आहे (किल्ली सापडली). ऑटोने पुलगाव, तिथून मिळेल ती गाडी. आज माझ्यामुळे वाचणार ती.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ

गाडीत डबा मांडीवर. कोणाला टेकू दिलं नाही. एकाने विचारलं, आत देव आहे काय? मी म्हटलं, लेझर आहे, सरका.

कॉलेजात शिपाई अडवत होता. त्याला म्हटलं, परीक्षा माझ्या हातात आहे, तू काय अडवतोस. अकरा पन्नासला लॅबचं दार ढकललं.

आत टक टक टक टक आवाज. टेबलावर दुसरा डबा. पंखा बाजूला, आडवा. फटीत सारखा, फिकट उजेड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही ठिणगी नाही. पुढे धरलेल्या पांढऱ्या कागदावर निळा ठिपका थरथरत होता. परीक्षक त्या ठिपक्याकडे पाहत होते. मग माझ्याकडे पाहू लागले.

कैलास सर म्हणाले, या काकू, बसा. रक्षाने माझ्याकडे पाहिलं आणि बोलता बोलता थांबली नाही. गॅस किती वेगाने बदलायला हवा ते सांगत होती. तिचा आवाज घरी असा नसतो.

झाल्यावर सरांनी चादर सोडून माझा डबा पाहिला. पट्टी उजेडात धरली. म्हणाले, काकू, चमकते मात्र मस्त. आणि भिंतीकडच्या रॅकवर ठेवला, तिथे मोडकी यंत्रं होती.

बाहेर रक्षा म्हणाली, तीन तारखेलेच नवीन पट्ट्या केल्या सरांनी, नवीन डबा. तो जुना तुले दिला. तुले रिकाम्या हाताने बसवत नाई ना, आई.

तिचं नाव इंदूरला जाणार. सरांनी तिथेच सांगितलं.

परतीच्या गाडीत चादर घडी करून माझ्या मांडीवर होती. ती म्हणे, रागावली काय? मी म्हटलं, मी काऊन रागावू? मले चार तारखेपासूनच माहीत होतं, तुझं मन मोडू नये म्हणून करत होते.

संकल्पाच्या वहीत खोटं लिहायचं नाही. नव्हतं माहीत.