कासरा कुणाच्या हाती

हरिबाची वाडी, ता. धाराशिव
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

फोन घरात एकच, अण्णांचा, आणि त्यावर बोललेलं गल्लीभर ऐकू जातं. म्हणून तुम्हीच चुलीपुढं राखेत गिरवून घेतलेली अक्षरं कामाला लावते आहे.

काळजी अण्णांची आहे. धाराशिवला अडतीवर मापाडीचं काम ते आठवडाभर नेमानं करतात. शनिवारी काम सुटलं की चौघांत बसून पितात. सातची एसटी त्यांना फाट्यापर्यंत सुखरूप आणून सोडते. पुढचे चार किलोमीटर ते मोटारसायकलवर येतात, आणि वाटेत ओढ्यावरचा तो बिनकठड्याचा पूल. परवा आले ते आरसा फुटलेला, गुडघा सोललेला. कुत्रं आडवं आलं म्हणाले. आई मला म्हणाली, बापाला शिकवायचं तुझं वय नाही. सकाळी मी पुलावर जाऊन आले. चाकाची खूण काठापासून वीतभर आत होती. दोनदा वीत घालून पाहिली.

गाडी दिवसभर फाट्यावर गौराबाईंच्या चहाच्या हॉटेलाशी उभी असते, किल्ली आत खिळ्याला. येत्या शनिवारी किल्ली हरवली म्हणून सांगा, अशी त्यांना गळ घालू का? दुसऱ्याला खोटं बोलायला लावणं वाईट, हे कळतं. पण पूलही दिसतो.

लोभ आहेच. रागावलात तर पत्रातच रागवावं.

आपली,
हर्षाली

हरिबाची वाडी
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या उत्तराआधीच मी चूक करून बसले. गौराबाईंनी किल्ली बेसनाच्या डब्यात लपवली आणि हरवली म्हणाल्या. अण्णांनी वाद घातला नाही. हॉटेलात बसलेल्या गुंडप्पांची स्कूटर मागून घेतली. तिचा पुढचा दिवा महिनाभर बंद आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पुलाच्या अलीकडं रस्त्याकडेच्या चारीत गेले. मनगट सुजलं आहे, हाड शाबूत आहे. गुंडप्पा येऊन नाही नाही ते बोलून गेले. गौराबाई माझ्याकडं बघत नाहीत.

अण्णांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांची भाकरी मी कुस्करून देते आणि ते मलाच गुणाची पोर म्हणतात. पुढचा शनिवार येतोच आहे. काय करू?

उत्तराची वाट पाहणारी,
हर्षाली

परंडा
१४ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं पोचली. रडू नको. चोरून केलंस तेवढंच चुकलं, काळजी चुकली न्हाय.

तुझे आजोबा दगडोबा बाजारच्या दिवशी लई प्यायचे. पण एक नेम होता. तोंडाला वास असला तर हातात कासरा धरायचा न्हाय. बैलं मुकी, ती सांगू शकत न्हायत, म्हणायचे. मी दहा वर्षांची. कासरा माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः गाडीच्या मागं पाय सोडून बसायचे. तुझा बाप माझ्या मांडीवर झोपलेला असायचा. त्याला हे कुठलं आठवायला.

त्या कासऱ्याचा हातभर तुकडा माझ्या पेटीत होता, तो पाकिटात घातलाय. शनिवारी बोलू नको, पिलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे वाऱ्याशी भांडण. रविवारी सकाळी, हातात चहा असताना, तुकडा पुढं ठेव, किल्लीचं खरं सांग आणि मी लिहिलंय ते वाचून दाखव. आणि तू गाडी शिक. दहा वर्षांची पोर बैलं हाकत होती, बावीस वर्षांची घोडी मोटारसायकलला भिती व्हय?

माया आहे तशीच राहील.

तुझी आत्या,
कस्तुरा

हरिबाची वाडी
७ एप्रिल २०२५

अक्कास बब्रुवानचा साष्टांग नमस्कार.

शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलं न्हाय, चुकभूल पोटात घाल. पोरीनं तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आधी लई राग आला. बेसनाच्या डब्याचं ऐकून तर कप आपटला. मग कासरा हातात घेतला. आबांच्या हाताचं तेल अजून त्याला आहे. मनगट बरं झाल्यावर म्या तिला मैदानात गाडी शिकवली.

पण तुझी भाची म्हणजे कायद्याचं पुस्तक. पक्कं लायसन मिळाल्याशिवाय रस्त्यावर येणार न्हाय म्हणाली. तवर मार्चचे पाचही शनिवार मी फाट्यावरनं चालत आलो. चार किलोमीटर तंगडतोड करायची म्हटल्यावर ग्लास आपसूक लहान झाला. गौराबाई चहा देती आणि म्हणती, बब्रुवानभाऊ, बैल हरवला का?

परवा लायसन घेऊन पोरगी फाट्यावर उभी होती. किल्लीला कासऱ्याचा तुकडा बांधलेला. तुला खोटं लिहीत न्हाय, थोडी घेतली होती. तिनं न सांगताच मागं बसलो. पुलावर तिनं गाडी इतकी हळू केली की चांदण्यात खाली ओढ्यातली बगळ्याची जोडी दिसली. गाडीवरनं शनिवारचा पूल म्या आजवर बघितलाच नव्हता, अक्का. आबा मागं पाय सोडून गप का बसायचे, ते तिथं कळलं.

आखितीच्या सणाला ये. फाट्यावर हर्षाली घ्यायला येईल. तू मागं बस, मी चालत येतो.

तुझा धाकटा,
बब्रुवान