आडवं होऊन ऑर्क्नीला

क्विल्पी
४ सप्टेंबर २०२२

चि. ब्रॉनीस,
नोलीनमावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फर्नने तुला फोन केलाच असेल, तरी आईच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी म्हणून लिहिते. फर्नचं लग्न ठरलं. मुलाचं नाव मॅग्नस. ती राहते त्या, लंडनच्याही पलीकडच्या ऑर्क्नी बेटावरचा, मेंढ्या पाळणाऱ्या घरातला, म्हणजे माझ्याकडून निम्मा पास. लग्न २०२४ च्या जूनमध्ये. इतक्या उशिरा का, तर त्याच्या आजोबांचं दगडी घर आधी राहण्यासारखं करायचंय. तिथे जनावरांची डॉक्टरकी करून तिला जेवढा वेळ उरतो तेवढ्यात भिंती लिंपतेय.

आता खरी गोष्ट. तिचे बाबा असते तर त्यांचा हात धरून ती चर्चमध्ये आली असती. ती म्हणते, आता आईचा हात धरून येईन, नाहीतर एकटी चालेन, तिसऱ्या कुणाला विचारणार नाही. क्लॅरीने मामा म्हणून मोठ्या हौसेने स्वतःचं नाव पुढे केलं होतं, त्यालाही तिने गोड बोलून वाटेला लावलं. आणि माझ्या खुब्याचं तुला ठाऊक आहे. मोटारसायकलवरून पडल्यापासून आत लोखंड आहे. डॉक्टर म्हणाले, लंडनपर्यंत ताठ बसून गेलात तर तिथे तुम्हाला उचलून उतरवावं लागेल. आडवं होता येणार असेल तरच जा. विमानात आडवं होता येतं त्या जागेचं भाडं मी विचारलं. त्यात नवी गाडी येते. यंदा पावसाने हात दिला म्हणून मेंढ्या बऱ्या आहेत, पण इतक्याही बऱ्या नाहीत.

गेल्या नाताळात तू विमानाच्या पॉइंटांबद्दल बोलत होतीस, ते जमले की पैशांऐवजी त्यांवर तिकीट मिळतं म्हणे. मी बटाटे सोलत होते, निम्मं ऐकलंच नाही. क्लॅरी म्हणतो ते सगळं थोतांड आहे. त्याने वर्षानुवर्षं पॉइंट जमवले आणि शेवटी एक टोस्टर मिळाला, तोही पाव एकाच बाजूने जाळतो. मला त्याचं ऐकायचं नाही. तू सविस्तर लिही. फोनवर नको, इथे आवाज तुटतो आणि मी विसरते.

लोभ आहेच, या खेपेला त्यात थोडी शिकवणीही घाल.

तुझी,
नोलीनमावशी

—

ब्रिस्बेन
१५ सप्टेंबर २०२२

ती. नोलीनमावशीस,
ब्रॉनीचा सा. न. वि. वि.

फर्नच्या बातमीने मी दवाखान्यात सगळ्यांना केक खायला घातला. तुझं पत्र वाचून मात्र कपाळावर हात मारला. खुब्यासाठी तू इतक्या वेळा विमानाने ब्रिस्बेनला आलीस, तेव्हा एकदा तरी विमान कंपनीच्या पॉइंट योजनेची सभासद झालीस का? वर्गणी पडते म्हणून नाही झालीस, हो ना? ती वर्गणी माफ करून घेता येते. मी तुझं नाव घालून टाकलंय. तुझा क्रमांक सोबत लिहिला आहे, तो फ्रीजवर चिकटव.

आता शिकवणी. लोकांना वाटतं, पॉइंट विमानात बसून मिळतात. बसून थोडेच मिळतात, खरे मिळतात ते जमिनीवर. शार्लव्हिलला जाऊन महिन्याचं वाणसामान भरतेस त्या दुकानाचं कार्ड या क्रमांकाला जोड. मग बँकेचं क्रेडिट कार्ड घे, ज्यावर पहिल्या काही महिन्यांत ठरावीक खर्च केला की एकदम मोठा ढीग मिळतो. डिझेल, मेंढ्यांचं औषध, विमा, कुत्र्यांचं खाणं, सगळं त्याच कार्डावर. पण मावशी, महिनाअखेरीस बिल पूर्ण भरायचं. एकदा व्याज लागलं की पॉइंट गेले चुलीत. आणि एरवी घेतली नसतीस अशी एकही वस्तू पॉइंटांसाठी घ्यायची नाही.

कंपनीच्या पॉइंटांच्या दुकानात तर डोकावूसुद्धा नकोस. क्लॅरीमामाने टोस्टरवर जेवढे पॉइंट घालवले तेवढ्यात तो सिडनीला जाऊन, तिथे दुकानातून तसलाच टोस्टर विकत घेऊन परत आला असता.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आडव्या जागा पॉइंटांवर फार थोड्या सुटतात आणि साधारण वर्षभर आधी सुटतात. म्हणजे पुढच्या जुलैत आपल्याला तयार राहावं लागेल. त्या सकाळी पॉइंट खात्यात हवेत. येणार होते, येतीलच, असलं तिथे कुणी ऐकून घेत नाही.

माझे स्वतःचे मी जपानला उडवून बसले आहे, त्याची आज लाज वाटते. लोभ असावा, आणि दर महिन्याला हिशेब कळवावा.

तुझी,
ब्रॉनी

—

क्विल्पी
२० फेब्रुवारी २०२३

चि. ब्रॉनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कार्डाचा मोठा ढीग पदरात पडला. त्या दिवशी मी कुत्र्यांनाही मटणाचा तुकडा दिला. कृषिप्रदर्शनाच्या वेळी महिला मंडळाच्या केकांचं सामान दरवर्षी कुणीतरी एकटी आणते आणि मंडळ नंतर पैसे देतं. कुणालाच ते काम नको असतं. या वर्षी मी हात वर केला, तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पीठ, साखर, लोणी, सगळं माझ्या कार्डावर. एकदा मात्र मोह झाला. पॉइंटांच्या दुकानात गरम होणारी चादर दिसली आणि हिवाळ्यात खुबा किती दुखतो ते आठवलं. मग फ्रीजवरचा तुझा कागद वाचला आणि उठून गेले.

मन खट्टू झालंय ते क्लॅरीमुळे. पबमधली आपली रीत तुला माहीत आहे. सगळ्यांना बिअर पाजायची एक फेरी याची, पुढची त्याची. पाळी चुकवणारा माणूस आपल्या गावात पाळी चुकवणारा म्हणूनच मरतो. आणि तुझ्या मामाने काय करावं? तो म्हणे कुणाला पाळी घेऊच देत नाही. सगळ्या फेऱ्या स्वतःच्या कार्डावर भरतो आणि टोपी काढून बारवर उलटी ठेवतो, ज्याने त्याने आपले पैसे तीत टाकायचे. पेट्रोल पंपावरही तेच. दुसऱ्यांच्या गाड्यांत डिझेल तो भरतो आणि त्यांच्याकडून रोख घेतो. कुंपणाच्या कंत्राटाची तारसुद्धा आता उधारीवर न घेता कार्डावर घेतो म्हणे. पबवाली ट्रूडी मला म्हणाली, त्याच्या टोपीला आता सगळे दानपेटी म्हणतात. त्याचा जुना दोस्त मर्व्ह तर उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला, म्हणाला, मला माझी फेरी स्वतःच्या हाताने पाजता येत नसेल तर मी तहानलेला बरा.

मला तोंड दाखवायला जागा नाही. माझं बघून त्याला पुन्हा पॉइंटांची चटक लागली, आता टोस्टरच्या जोडीला मांस भाजायची शेगडी हवी असणार. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय.

हिशेब मागे लिहिला आहे. अजून बरंच अंतर आहे, ब्रॉनी. पुरेल का गं? रागावलेल्या मावशीवरही लोभ असू दे.

तुझी,
नोलीनमावशी

—

क्विल्पी
८ मे २०२३

चि. ब्रॉनीस,
मामाचे आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही, तेव्हा आधीच माफ कर.

असं ऐकलंय की एकाच्या खात्यातले पॉइंट घरच्याच माणसाच्या खात्यात टाकता येतात. बहीण त्यात येते का? येत असेल तर कसं करायचं ते लिही. सोपं लिही. नोलीनला सांगू नकोस. तिला कळलं तर म्हणेल मला कुणाचे उपकार नकोत, आणि मग आम्ही दोघंही मूर्खासारखे बसू.

फर्नने मला नको म्हटलं तेव्हा वाईट वाटलं होतं. दिवसभरच. मग वाटलं, पोरीचं बरोबर आहे. नोलीन रोज संध्याकाळी काठी घरात ठेवून पवनचक्कीपर्यंत चालत जाते आणि परत येते. लग्नात चालायचंय म्हणून. तिला वाटतं कुणी बघत नाही. मी पलीकडच्या कुंपणावर काम करत असतो. कधी कधी ती मध्येच थांबते आणि खांबाला धरून उभी राहते, आणि मला जाता येत नाही, कारण गेलो तर दुसऱ्या दिवसापासून ती चालणार नाही. ती एवढं करतेय तर मी बारवर टोपी ठेवली म्हणून काय बिघडलं? मर्व्हला नंतर सांगेन. तूर्त त्याला फुगू दे.

टोस्टर अजून चालतो. एका बाजूने.

लोभ वगैरे आहेच.

क्लॅरीमामा

—

ब्रिस्बेन
६ जुलै २०२३

ती. नोलीनमावशीस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी फोनवर आपण दोघी होतो, तरी तुला हे कागदावर हवं असणार म्हणून लिहिते. सोबत तिकीट छापून पाठवते आहे. हातात धर, उजेडात बघ, नाव तुझंच आहे.

मी संगणकापाशी बसले होते, जागा सुटली, आडवी, ब्रिस्बेनहून लंडनला जाणारी. अगदी एकच. मी तुझं खातं उघडलं तर पॉइंट कमी. तुझ्या नऊ-दहा महिन्यांच्या मेहनतीला मी माझे उरलेसुरले जोडले, तरी कमीच. तू पुन्हा एकदा आकडा विचारलास. मग म्हणालीस, जाऊ दे बाळा, फर्नला मी समजावीन, एकटीही छान चालेल ती. मावशी, तुझा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकणार नाही अशी आशा आहे. मी तुला जरा थांब म्हटलं आणि दुसऱ्या फोनवरून एके ठिकाणी बोलले. थोड्या वेळाने खात्यातला आकडा बदलला. तू म्हणालीस, मशीन बिघडलं वाटतं. मशीन बिघडलं नव्हतं. जायचं तर झालंच, शिवाय परतीची जागा सुटेल तेव्हा तिलाही पुरेल एवढं शिल्लक आहे.

कुणी दिले ते सांगणार नाही असा मी शब्द दिला आहे आणि तो पाळणार आहे. एवढंच लिहिते, की नियमाने हे पॉइंट फक्त घरचंच माणूस देऊ शकतं, आणि तुझ्या गावात सध्या कुणाची तरी टोपी डोक्यावर कमी आणि बारवर जास्त असते.

आता काठी घरात ठेवून चालत राहा. हो, तेही मला माहीत आहे. लोभ आहे, तो पासपोर्टाबरोबर जपून ठेव.

तुझी,
ब्रॉनी

—

स्ट्रॉम्नेस, ऑर्क्नी
२३ जून २०२४

चि. क्लॅरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ब्रॉनीचं ते पत्र आलं त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे मटण भरून भाजलेली पाई घेऊन आले होते, आठवतं? तू विचारलंस, आता अबोला संपला का? मी म्हटलं, पाई गरम आहे तोवर खा. वर्षभर मी काही विचारलं नाही आणि तू काही सांगितलं नाहीस. आता सोळा हजार किलोमीटरवरून विचारायची गरज नाही, मी फक्त सांगणार आहे, आणि तू गपगुमान वाचायचं.

क्लॅरी, मी झोपले. विमानातल्या मुलीने गादी घातली, पांघरूण दिलं, दिवा मंद केला आणि मी पाय लांब करून आडवी झाले. मी तिला विचारलं, पांघरुणाचे पैसे वेगळे का? ती हसली आणि आणखी एक उशी घेऊन आली. खाली अख्खे समुद्र आणि देश जात होते आणि मी मात्र घोरत होते, असं शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं. लंडनला मॅग्नस न्यायला आला होता. चाकाची खुर्ची घेऊन उभा होता बिचारा. मी त्याच्या हातात माझी बॅग दिली आणि त्याच्यापुढे चालत निघाले.

काल लग्न झालं. चर्च चढावर आहे आणि वारा असा, की तुझी टोपी असती तर नॉर्वेला गेली असती. काठी मी मॅग्नसच्या आईकडे ठेवली. दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा आधार फर्नने माझा घेतला, मी तिचा नाही. मी तिला हळूच म्हटलं, पवनचक्कीपर्यंत जायचं असं समज. तिला कळलं नाही, पण ती हसली. आम्ही दोघी शेवटपर्यंत चालत गेलो. एकदाही थांबावं लागलं नाही. तिचे बाबा असते तर त्यांनी शीळ घातली असती. मी सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची काहीएक लाज वाटली नाही.

माझ्या मेंढ्या तू सांभाळतोयस म्हणून इथे जिवाला घोर नाही. कुंपणावरून मला बघत होतास तेही मला माहीत होतं, बावळटा. तू बघतोयस म्हणूनच तर मी अर्ध्यातून परत फिरत नव्हते.

आता एक काम. निघायच्या आदल्या दिवशी मी ट्रूडीकडे रोख पैसे देऊन आले आहे. हे पत्र पोचेल त्या शनिवारी पबमध्ये जा आणि ते तिच्याकडे दे, ती मोठ्याने वाचेल. वाचून झालं की सगळ्यांना एकेक फेरी, सगळ्यात आधी मर्व्हला. ही पाळी माझी आहे, ती चुकवायची नाही आणि कुणी तीत हात घालायचा नाही. तुझा लोभ मी पुरता वापरून संपवला, परत येईपर्यंत नवा जमव.

आणि क्लॅरी, त्या दिवशी टोपी डोक्यावरच ठेव.

तुझी,
नोलीनताई