न आवडणारं पान

बाबा, मी अडकले आहे, आणि हे जिवंत माणसांपैकी कुणाला सांगण्यासारखं नाही.

माजरीच्या विहारात रविवारी वंदना झाली की तुम्ही मला घटना समितीतल्या चर्चा मोठ्याने वाचायला लावायचात. कोळसाखाणीच्या लॅम्प रूममधली ड्यूटी संपवून तसेच यायचात, बोटं काळी. मी चौदा वर्षांची. व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम वाचून मी पुस्तक मिटते. "इथी काऊन थांबली?" तुम्ही विचारता. मी म्हणते, पुढचं चांगलं नाही, खटला न चालवता माणसाला आत ठेवायची सोय आहे त्यात. "तुले आवडत नाई म्हणून त्यायनं लिवलं नाई काय? वाच." मागच्या बाया हसतात, वकिलीणबाईची आताच फजिती झाली म्हणतात. मी रडत रडत वाचते.

माझी सगळी वकिली, सगळी भाषणं त्या रडण्यातून निघाली. सिरोंच्यापर्यंत गावोगाव मी गरजत आले की हक्कांचा अर्थ ज्यांनी ते लिहिले त्यांच्या शब्दांत शोधा, न्यायाधीशाच्या मर्जीत नाही. आजची मर्जी हक्क वाढवील, उद्याची आपलं आरक्षण आणि जंगल दोन्ही काढून घेईल. हे मी आजही मानते.

पण आलापल्लीकडची एक बाई दोन महिन्यांपासून तुरुंगात आहे. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांच्या सभा घ्यायची, म्हणून पुढे गडबड करील या अंदाजावर आत. गुन्हा नाही, खटला नाही. भेटीच्या जाळीपलीकडून ती म्हणाली, "बाई, तुमी आमच्या गावात सांगतलं, ते पुस्तक आपलं हाय. मंग मी इथी काऊन?"

मंगळवारी हायकोर्टात सरकारी वकिलाने तेच पान वाचलं. घटनाकारांनी ‘न्याय्य प्रक्रिया’सारखे रुंद शब्द मुद्दाम टाळले, सरकारला हा अधिकार समजूनउमजून दिला, आणि हे कलम मांडणारे तेच होते, ज्यांच्या फोटोला आपल्या घरी रोज हार असतो. इतिहास सरकारी वकिलाच्या बाजूने आहे. घटनाकारांनी घातलेल्या अटी मी तपासल्या. कारणं कळवली, म्हणणं मांडू दिलं, कागदावर सगळं झालेलं आहे. कोर्टाच्या नंतरच्या निकालांनी मात्र स्वातंत्र्याचा अर्थ पुष्कळ रुंद केला. ते मांडले तर ती सुटू शकते. त्याच निकालांना मी भरसभेत मर्जी म्हटलं, टाळ्या घेतल्या. ते आज उचलले तर उद्या आपल्याविरुद्ध मर्जी चालेल, तेव्हा कोणत्या तोंडाने बोलू? आणि नाही उचलले तर ती बाई माझ्या तत्त्वापायी आत बसणार.

न्यायमूर्तींनी विचारलं, वकीलबाई, तुमचं म्हणणं? मी घसा बसल्याचं सांगून तारीख मागितली. पंधरा दिवसांनंतरची मिळाली. घसा ठणठणीत होता, बाबा.

काल तिला भेटले. तिलाही घशाचंच सांगितलं. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, म्हणाली. मी करते म्हटलं.