कूलरात भरलेला कापूस

२ मे
नांदुऱ्याहून आत्ताच आलो. डोकं तापलंय. कूलरचं गवत बदलायचं, एवढंसं काम. पण दुकानदाराने तीन प्रकार पुढे टाकले. साधं लाकडी गवत, वाळा, आणि हनीकोंब नावाचं पुठ्ठ्यासारखं काहीतरी. म्हणाला, "घ्या कोणतं बी." कोणतं बी? रिटायर होईपर्यंत शाळेच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होतो मी. अभ्यासाशिवाय निर्णय नाही. रिकाम्या हाताने परत.
सुभद्रा म्हणाली, "गवतच आनाचं होतं, सोनं नाही." हिला सायन्सचा गंध नाही.
आमच्या मुलीला, प्रतीक्षाला, पाहायला जानेफळचे पाहुणे वीस तारखेला येणार. बैठक गार हवीच. वेळ भरपूर आहे.

४ मे, दुपार
अभ्यास जोरात. वाळा: वास छान, टिकत नाही. हनीकोंब: आमच्या कूलरच्या जाळीत बसणार नाही. गवत: सगळे तेच वापरतात, हाच त्याचा दोष. शेजारच्या गफ्फारभाईंनी कालच गवत ठोकून टाकलं. अभ्यास शून्य. काल संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो. गार वाटलं, पण ते नूरबीभाभींच्या सरबतामुळे.

५ मे
सुचलं! सगळ्यात जास्त पाणी कोण पितं? कापूस! आणि आमची मधली खोली कापसानेच भरलेली. यंदा बीटी असूनही बोंडअळीने आमच्या अख्ख्या वडनेरचा कापूस कवडीमोल केला. पिवळा, किडका. व्यापाऱ्याने मूठभर हातात घेतला आणि हात झटकले. गाव रडत बसलं. मी सुभद्राला म्हटलं होतं, ठेव, याचं सोनं होईल. आता होणार.

६ मे
कोंबड्यांच्या जाळीत कापूस ठासून कूलरच्या तिन्ही बाजूंच्या ताट्या तयार. सरकी काढत बसलो नाही. तेवढाच वेळ वाचला. सुभद्राने विचारलं, "काऊन हो, हा कूलर हाय का गादी?" दुर्लक्ष केलं.

७ मे
हवा थोडी कमी येते. पण येते ती उच्च दर्जाची. पेटंटचं कुणाला तरी विचारायला हवं.

१२ मे
सरकी उगवली. कूलरला तिन्ही बाजूंनी हिरवे कोंब. गफ्फारभाई येऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भगवानराव, पेरनी तं मृगात करतेत. तुमी कूलरात करून राह्यले?" आता गावातून माणसं बघायला येतात. नाव होतंय.
वास येतो जरासा. मातीशी नातं असलं की यायचाच.

१६ मे
सुभद्राचा शेवटचा इशारा. गवत आणा नाहीतर मी आणते. निघालो. स्टँडवर विचार केला की आत्ता बदललं तर तिला वाटेल मी चुकलो. चहा पिऊन परत आलो. कोंब उपटले, ताट्यांना सुईने भोकं पाडली. हवा सुटली!
ठराव: तांत्रिक बाबतीत बायकोचा सल्ला बंद.

१९ मे
प्रतीक्षा जवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, मले तो पोरगा आवडला हाय. फोनवर बोललो आमी. उद्या एवढा कूलर चालू करू नोका." डोळ्यांत पाणी होतं. शब्द दिला.

२० मे, दुपार
पाहुणे आले. मुलगा हरिओम, आई, वडील महादेवराव. चहा आला. महादेवराव सारखे उपरण्याने मान पुसत होते. शब्द दिला होता, पण घामेजलेला व्याही बघवेना. बटन दाबलं.
आधी शिंतोडे आले. मग पाखरं. बारीक, मातकट, थव्याने. एक बशीत पडलं, एक मुलाच्या आईच्या कपाळावर बसलं. महादेवरावांनी एक चिमटीत धरलं, उजेडात नेलं आणि ताडकन उठले. "अरे, हे तं बोंडअळीचं पाखरू! यानंच आमचं वावर खाल्लं!"
मी सांगायला लागलो की किडक्या सरकीत अळी झोपलेली असते, ओल मिळाली की जागी होते. कुणी ऐकलं नाही. प्रतीक्षाने माझ्याकडे पाहिलं.
कुंपणावरून गफ्फारभाई ओरडले, "इकडं या सारे! आमच्याकडं थंडं हाय!" सगळे गेले. हरिओमने जाताना चहाचा ट्रे उचलला. मी ताट्या काढायला थांबलो.

२० मे, संध्याकाळ
पलीकडून हसणं ऐकू येत होतं. प्रतीक्षा माझी नक्कल करत होती, हनीकोंबपासून. हरिओमला ठसका लागला. जरा वेळाने सुभद्रा कुंपणापाशी आली. "जमलं," म्हणाली. "तुमी नव्हते म्हनून जमलं." पदराने डोळे टिपले. माझेही डोळे भरले. कापसाच्या तंतूंनी असेल.
तेवढ्यात मुलाचे मामा मोटरसायकलवर उशिरा पोचले. मी अंगणात, उघड्या कूलरपुढे, बनियनवर, कोपरापर्यंत कापसाने माखलेला. मामा गाडीवरूनच म्हणाले, "ओ मिस्त्री, आमचा कूलर बी हवा देऊन नाही राह्यला. काय टाकू त्यात?"
मी कोण ते सांगणार होतो. तोंड उघडलंही.
"गवत टाका," म्हणालो.